काळोखाला काळा रंग लावू नका : रात्रीच्या आकाशाच्या चित्रांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात म्हटलं होतं की रात्रीचं आकाश रंगवताना काय अडतं ते कळवा. तर पत्रं बहुतेक सगळी किनाऱ्यावरूनच आली, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र करून चार निवडलेत. पहिल्याला जरा जास्तच जागा गेलीय, पण त्यात बाकी बऱ्याच जणांचीही उत्तरं आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी देवगड तालुक्यात शिक्षिका आहे, चित्रं हौस म्हणून काढते. मे महिन्यात एका रात्री लाईट गेली म्हणून आम्ही सगळे घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर जाऊन बसलो, आणि आकाशगंगा इतकी स्वच्छ दिसली की ते चित्र काढल्याशिवाय चैनच पडेना. मोबाईलवर नाइट मोडने फोटो काढला आणि तो समोर ठेवून दोन बाय तीन फुटी कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये रंगवलं, जांभळा-गुलाबी पट्टा, खाली काळे माड आणि आमचं घर. प्रदर्शनात ठेवलं तर एक गृहस्थ म्हणाले, छान आहे पण नेटवर पाहिल्यासारखं वाटतं. मी कुठूनही कॉपी केलेलं नाही हो! पण खरं सांगू का, मलाही ते आमच्या सड्यावरचं वाटत नाही. चित्राचा फोटो सोबत पाठवतेय. कुठे चुकतंय?

उत्तर : फोटो पाठवलात ते बरं झालं. चित्र वाईट नाहीये, कौलांच्या कडेला जी हलकी निळसर रेघ आलीय ती फार छान जमलीय. आणि कॉपीचा आरोप कुणी करत असेल तर तो सरळ खोटा आहे. पण त्या गृहस्थांना तसं का वाटलं ते तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही आकाश बघितलंत सड्यावर आणि रंगवलात मोबाईल.

नाइट मोडमध्ये फोन काही सेकंद प्रकाश गोळा करत राहतो, बरेच फोटो एकावर एक चढवतो आणि वर रंग स्वतःच्या मनाने ठरवतो. आपला डोळा असा प्रकाश साठवत बसत नाही. त्यात काळोखात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी जवळजवळ काम थांबवतात आणि सगळा भार दंडपेशींवर येतो, आणि त्यांना रंग कळत नाही, उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. म्हणून साध्या डोळ्यांना आकाशगंगा जांभळी-गुलाबी दिसतच नाही, ती राखाडी दिसते, कडेला विरत गेलेली आणि मध्ये काळी फट पडलेली. जगातले सगळे फोन साधारण एकाच पद्धतीने रंग ठरवतात, त्यामुळे सगळ्यांची आकाशगंगा सारखीच जांभळी निघते. त्यावरून रंगवलं की चित्र नेटवरचं वाटणारच, मग तुम्ही कितीही मनापासून काढा.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. अहो, कातळसड्यावर माड आले कुठून? माड खाली वाडीत, पाण्याच्या जवळ. देवगडच्या सड्यावर असतात हापूसची कलमं, बुटकी, गोल माथ्याची, आणि मधून जाणारा चिऱ्यांचा नाहीतर काळ्या दगडांचा गडगा, म्हणजे रचलेली कुंपणाची भिंत. फोटोत माड नसणारच, ते तुम्ही सवयीने घातलेत, कारण कोकण म्हटलं की माड काढायचा हे आपल्याला शाळेपासून शिकवलंय. ती कलमांची गोल गोल काळी रांग आणि गडग्याची वेडीवाकडी कड आली असती ना, तर त्या गृहस्थांनी विचारलं असतं की हे नक्की कुठलं. पश्चिमेला समुद्र दिसत असेल तर क्षितिजावर बोटींचे पांढरेफटक दिवेही असतील. एलईडी लावून मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे, तरी ते दिवे काही पूर्ण गेलेले नाहीत, मच्छीमारांना विचारा. असले तर चित्रात घ्या की, तेही आजच्या आकाशाचाच भाग आहे, सगळं आजोबांच्या काळातलंच दाखवायला पाहिजे असं कुठाय?

आता परत सड्यावर जा, अमावास्येच्या आसपास, मोबाईल घरी ठेवून. डोळ्यांना काळोखाची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मध्येच कुणी मोबाईल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. कागदावर लिहायला उजेड लागला तर बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबरबँडने बांधा, मंद लाल उजेडाने दंडपेशींना फारसा त्रास होत नाही. चित्र तिथे काढायचं नाही. फक्त पेन्सिलने आकार काढायचे आणि प्रत्येक भागावर एक ते पाच आकडे टाकायचे, सगळ्यात काळोखी जागा एक, सगळ्यात उजळ पाच. रंग दुसऱ्या दिवशी, उजेडात. अंधुक तारा बघायचा असेल तर सरळ त्याच्याकडे बघू नका, जरा बाजूला बघा, कारण नजरेच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात. तिरकं बघितलं की आकाशगंगेतली ती काळी फटसुद्धा स्पष्ट होते.

हे आकडे टाकायला लागलात की एक गोष्ट लक्षात येईल, जी ऐंशी टक्के चित्रांत उलटी असते (ऐंशी हा माझा अंदाज हं, कुणी मोजलेलं नाही). चांदण्या रात्री सोडा, अमावास्येलासुद्धा आकाश हा सगळ्यात काळा भाग नसतो. कलमं, गडगा, घर, जमीन हे सगळं आकाशापेक्षा काळं असतं. आकाशाला तारे आणि वरच्या हवेचा स्वतःचा असा एक अगदी मंद उजेड असतो. त्यामुळे ट्यूबमधला काळा रंग आकाशाला लावलात की पुढच्या झाडांना काळं करायला काही शिल्लकच राहत नाही. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळा, निळा जास्त ठेवा, झाला आकाशाचा काळोख. झाडांना तेच मिश्रण, पण अंबर जास्त आणि थोडा प्रशियन ब्लू. ॲक्रिलिक वाळलं की ओल्यापेक्षा गडद होतं, म्हणून एका थरात काम उरकायला जाऊ नका, पातळ पातळ तीन-चार थर द्या आणि प्रत्येक थर वाळल्यावर लांबून बघा.

क्षितिजाकडे येताना आकाश हळूहळू उजळ आणि धुरकट करायचं आणि तारे कमी कमी करत आणायचे. आपल्याकडे खाऱ्या दमट हवेचा थर इतका असतो की क्षितिजालगतचे तारे दिसतच नाहीत, जे मोठे दिसतात तेही मंद आणि जरा तांबूस. तुमच्या चित्रात घराच्या कौलापर्यंत तारेच तारे आहेत, लडाखमध्ये शोभलं असतं.

घराची कौलं तुम्ही तांबडी ठेवलीयेत. काळोख पडायला लागतो तेव्हा अंगणातल्या जास्वंदीकडे बघा कधी. दिवसा फूल पानांपेक्षा कितीतरी उठून दिसतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत फूल काळं पडतं आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ दिसायला लागतात. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे टिपलं होतं, त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखतात. तेव्हा कौलं रात्री काळीच, घरातनं उजेड त्यांच्यावर पडत असेल तेवढाच भाग तांबडा.

आता मोठ्यांनी काय केलं ते बघा. व्हॅन गॉगची दोन चित्रं आहेत ताऱ्यांची. सप्टेंबर १८८८ मधलं रोन नदीवरचं त्याने आर्ल्समध्ये रात्री जागेवर जाऊन गॅसच्या दिव्याखाली रंगवलं. आणि जून १८८९ चं 'स्टारी नाइट', जे सगळ्यांच्या मगवर आणि कुशनवर असतं, ते सां-रेमीच्या रुग्णालयात असताना, दिवसा, आठवणीतनं. त्यात गाव आहे ते खिडकीतून दिसतच नव्हतं. रोनच्या चित्रात तर त्याने नैर्ऋत्येकडच्या आकाशात सप्तर्षी ठेवलेत, जे उत्तरेला असतात. म्हणजे मनाने बदल केलेले चालतात, भरपूर चालतात, फक्त ते तुमच्या मनाने झालेले पाहिजेत, फोनच्या नाही. उलट टोकाचं उदाहरण एल्सहायमरचं. या जर्मन चित्रकाराचं १६०९ चं तांब्याच्या पत्र्यावरचं तैलचित्र म्युनिकला आहे, जेमतेम ३१ बाय ४१ सेंटीमीटर, आणि त्यात आकाशगंगा सुट्या सुट्या ताऱ्यांची दाखवलीय, चंद्रावर डाग आहेत, पाण्यात त्याचं प्रतिबिंब आहे. एवढ्याशा पत्र्यावर! दोन बाय तीन फूट घ्यायलाच पाहिजे असं नाही.

बाकी ओरिजिनल म्हणजे काय हे बऱ्याच जणांनी विचारलंय. कायद्याने बघितलं तर सड्यावरची आकाशगंगा हा विषय कुणाच्या मालकीचा नसतो, तो कसा मांडला त्यावर हक्क असतो. तुमच्याच फोटोवरून काढलंत तर प्रश्नच नाही, दुसऱ्याचा फोटो जसाच्या तसा रंगवला तर त्याची परवानगी लागते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्र काढलं की हक्क आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. त्यात गंमत म्हणजे असंही स्पष्ट लिहिलंय की चित्रात कलागुण असो वा नसो, हक्क मिळणारच. हे वाचून बऱ्याच जणांना धीर येईल.

प्रश्न : मी नववीत आहे, गुहागरला राहतो, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करतोय. मी समुद्रावरचा पौर्णिमेचा चंद्र काढला, खाली संध्याकाळी परत येणाऱ्या होड्या. दुसऱ्या चित्रात चंद्रकोर काढून तिच्या पोटात एक तारा काढला. आमचे बाबा म्हणाले दोन्ही चूक आहेत पण का ते त्यांना सांगता येईना. आणि तारे टूथब्रशने उडवले तर परीक्षेत चालतात का?

उत्तर : बाबा बरोबर आहेत, त्यांना माझा नमस्कार सांग. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोब्बर समोर असतो, त्यामुळे सूर्य इकडे समुद्रात मावळतो तेव्हा चंद्र तिकडे सह्याद्रीच्या बाजूने उगवतो. आपला समुद्र पश्चिमेला. म्हणजे गुहागरच्या किनाऱ्यावर पौर्णिमेचा चंद्र समुद्रावर दिसणार तो मध्यरात्र उलटून गेल्यावर आणि मावळणार पहाटे. मग तू एवढंच कर, होड्या संध्याकाळी परत येणाऱ्या न दाखवता पहाटेच्या दाखव, चित्र तेच राहील आणि बरोबर होईल. नाहीतर तू किनाऱ्याकडे पाठ करून उभा राहा आणि गावाच्या मागे डोंगरावरून उगवणारा चंद्र काढ, तसं फार कुणी काढत नाही, परीक्षकाला बघायलाही बरं वाटेल.

कोरीचं असं आहे की चंद्राचा अंधारा भाग तिथे असतोच, नुसता दिसत नाही, आणि त्याच्या आरपार तारा कसा दिसेल? तारा कोरीच्या बाहेर घे, बाजूला. संध्याकाळी समुद्रावर जी कोर दिसते तिची उजळ बाजू सूर्य गेला त्या दिशेला, म्हणजे खाली समुद्राकडे असते. उभी 'सी' सारखी काढू नकोस, आपल्याकडून ती बरीचशी आडवी दिसते.

टूथब्रशचं म्हणशील तर तंत्र म्हणून त्यात वाईट काही नाही, पण नुसता टूथब्रश उडवला की तारे पोह्यांवर खोबरं भुरभुरल्यासारखे सगळीकडे सारखे पडतात. आधी दोन-चार मोठे तारे बारीक ब्रशने किंवा टूथपिकच्या टोकाने हाताने ठेव, खऱ्या जागी. एप्रिलच्या शेवटी रात्री आठच्या पुढे समुद्राकडे तोंड करून बघ, मृग नक्षत्र आडवं होऊन खाली उतरत असतं, तांबूस काक्षी उजव्या हाताला, निळसर पांढरा राजन्य डाव्या हाताला, मध्ये तीन ताऱ्यांची सरळ ओळ, आणि डावीकडे जरा वर व्याध, रात्रीच्या ताऱ्यांमधला सगळ्यात तेजस्वी. हे पाच-सहा ठिपके नीट पडले की बाकीचे उडव. खाली झाडांवर आणि समुद्रावर वर्तमानपत्र कापून ठेव, पांढरा रंग पातळ कर आणि आधी रद्दीवर उडवून बघ, पहिल्या झटक्याला मोठा थेंब पडतोच पडतो.

प्रश्न : आमचं मूळ गाव राजापूरकडे, राहायला डोंबिवली. गावी जाणं होतं ते गणपतीतच, आणि तेव्हा रोज मळभ. एकही तारा दिसत नाही. गावच्या रात्रीचं चित्र काढून आईला द्यायचंय, तर मग यूट्यूबवर बघून तारे घालू का?

उत्तर : कशाला घालता? भाद्रपदातली रात्र ताऱ्यांशिवायच असते आणि तुमच्या आईलाही ती तशीच आठवत असणार. डोंबिवलीला ढग रात्री नारिंगी-पिवळट दिसतात कारण खालचे दिवे त्यांच्यावर पडतात. जिथे दिवे कमी तिथे बरोबर उलटं होतं, ढग आकाशापेक्षा काळे दिसतात, आणि मध्येच ढग फाटला की तेवढा तुकडा उजळ, त्यात दोन तारे. हा फरक नीट आला की मुंबई की गाव ते न सांगता कळतं.

आणि मग चित्राचा जीव आकाशात नाही तर खालच्या दिव्यात जाऊ द्या. ओलं खळं (अंगण), ओटीवरचा बल्ब, त्याचा उजेड जिथवर पोचतो तिथवरच पावसाच्या तिरक्या रेघा दिसतात, पुढे काही नाही. दिव्याचा उजेड कसा रंगवावा हे बघायचं असेल तर आपल्या सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, जन्म १८८२, त्यांचं हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र शोधून बघा, 'ग्लो ऑफ होप' नावाने प्रसिद्ध आहे, म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये असतं. बरेच जण ते राजा रविवर्म्याचं समजतात, आणि तैलरंगातलं समजतात, पण ते जलरंगात आहे. दिवा तळव्याने झाकलाय आणि बोटांच्या कडा उजेडाने लालसर झाल्यात. जलरंगात पांढरा रंग वरून लावून उजेड येत नाही, तिथे कागद कोरा राखावा लागतो, म्हणून आधी दिव्याची जागा ठरवायची आणि काळोख तिच्याभोवती आणत न्यायचा. कागद ३०० जीएसएमचा घ्या, त्याच्याखालचा इतके थर दिल्यावर फुगतो.

हां, आणि तरीही तारे हवेच असतील तर दिवाळीच्या आधी ऑक्टोबरमध्ये एक शनिवार-रविवार काढा. पाऊस ओसरलेला असतो, साडेसात-आठला नैर्ऋत्येकडे समुद्राच्या वर आकाशगंगा उभी असते, रात्रभर जागायलाही लागत नाही.

प्रश्न : तारकर्लीजवळ आमचं होमस्टे आहे. एका खोलीच्या भिंतीवर गावच्या चित्रकार मुलीकडून रात्रीचं आकाश रंगवून घेतोय, पैसे ठरलेत. तिच्याच हातचं एक कॅनव्हासवरचं पेंटिंगही लावणार आहोत. रेडियमचे तारे काढावेत का, आणि पावसाळ्यात बुरशीचं काय? नंतर भिंतीचा फोटो जाहिरातीत वापरला तर चालेल ना?

उत्तर : रेडियम म्हणतात त्या रंगात हल्ली रेडियम नसतं, उजेड शोषून काळोखात हिरवट चमकणारी पावडर असते. पाहुण्यांच्या पोरांना मजा येईल, पण दिवा घालवल्यावर जरा वेळाने ते मंदावतात. वापरायचे तर थोडे, मुख्य नक्षत्रांपुरते. आणि चित्र दिवसाही बघायचंय हे विसरू नका.

भिंत चिऱ्याची असेल तर आधी प्लास्टर, ते पूर्ण सुकल्यावर प्रायमर, मगच रंग. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम काढू नका, नोव्हेंबरनंतर काढा. कॅनव्हास असेल तर तो समुद्राकडच्या बाहेरच्या भिंतीला लावू नका, आतल्या भिंतीला लावा, फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळती राहील. खोली बंद ठेवताना प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं तर अजिबात नाही, ओल आत कोंडते आणि बुरशी तिथेच धरते.

हक्काचं मात्र नीट समजून घ्या. तिने आधीच काढून ठेवलेलं चित्र तुम्ही विकत घेतलंत तर कॅनव्हास तुमचा, कॉपीराइट तिचाच राहतो, जाहिरातीसाठी तिला विचारायला लागेल. पण भिंतीचं काम तुम्ही पैसे देऊन खास तुमच्यासाठी करून घेताय, अशा वेळी वेगळं काही ठरलेलं नसेल तर कायदा पहिला मालक ऑर्डर देणाऱ्यालाच धरतो. म्हणजे तुमचं काम होऊन जाईल, पण त्या पोरीला हे बहुतेक माहीत नसणार. तिला आधी सांगा. फोटो तुम्ही वापरणार, तिनेही तिच्या कामाचे नमुने म्हणून वापरायचे, भिंतीवर कोपऱ्यात तिची सही राहणार, आणि दोन वर्षांनी पुन्हा रंग काढायचा झाला तर आधी तिला कळवणार, एवढं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.